आतून कडी

शनिवार, ता. ८
सकाळचे सव्वाअकरा

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालतो. नसलीस तरी कळवणार नाहीस, हे आपल्या घरचंच वळण. भाऊजींना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. खरं तर आईच लिहिणार होती, पण तिचा हात जरा दुखावलाय, म्हणून मी बसलोय.

माझं सगळं बदललं त्या घटकेची तारीख-वेळ मला पाठ आहे. गेल्या महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. मी एका खोक्यावर जाड काळ्या पेनाने पत्ता लिहिला. बस, एवढंच केलं. पण तिथे येतो सावकाश. आधी बाकीच्या बातम्या.

मावशीने तुझ्या कानावर घातलंच असेल की पोरगं शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून बसलं आणि तेही एका पोरीपायी. त्यातली पोरगी खरी आहे. चष्म्याच्या दुकानात काम करते, मी तिला चष्मेवाली म्हणतो. तिच्यासाठी मी एका महिन्यात तीनदा डोळे तपासून घेतले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुमचा नंबर शून्य आहे. चौथ्यांदा आलात तर डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवीन." ताई, हसू नकोस. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आलो आणि मोटरसायकल दुकानासमोरच राहिली.

काम जोरात चाललंय. सामान हलवणाऱ्यांच्या टेम्पोवर मी आता नुसता हमाल नाही. लोकांच्या घरात उभा राहून नजरेने सांगतो, एवढी खोकी, एवढ्या खेपा, एवढे पैसे. मुकादम म्हणतो, तुझी जीभ तिखट पण नजर पक्की. त्याचा एकच कडक नियम आहे: खोकं बंद झालं की त्याच क्षणी त्यावर आत काय, कितवं खोकं आणि नवा पत्ता लिहायचा. मग बाकीचं. एकदा एका बाईंची भांडी भलत्याच गावाला गेली होती, तेव्हापासून हा नियम आमच्या हाडात बसलाय.

आता आईचं सांगतो. मी तिला किती वर्षं म्हणत होतो, निघू या, कुठेतरी वेगळी खोली घेऊ. ती म्हणायची, "तुझं शिक्षण होऊ दे." मग, "हिवाळा जाऊ दे." एकदा तर म्हणाली, "हा गॅसचा सिलेंडर संपू दे." आणि मग एक दिवस ओटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्या खोलीला आतून कडी असेल ना रे?"

तो तिचा होकार होता. मी म्हटलं, "दोन लावतो."

तुला सांगायला नको. आपल्या घरात बाहेरचं दार सोडलं तर एकाही दाराला आतून कडी नाही. न्हाणीघराला सुद्धा नाही. तू त्या दुपारी स्वयंपाकघरात स्वतःला कोंडून घेतलंस, त्यानंतर बाबांनी सगळ्या काढल्या. लाकडातली भोकं अजून तशीच आहेत. आई न्हाणीघरात बादली आतून दाराला लावून अंघोळ करते. करायची. आजपासून करायची.

तर मी मोटरसायकल विकली. चष्मेवाली म्हणाली, "आता मला कशावरून फिरवणार?" म्हटलं, टेम्पोतून. खरंच फिरवलं, एका फ्रिजच्या आणि गुंडाळलेल्या गादीच्या मधे बसवून. मोटरसायकलच्या पैशांतून दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, वर अनामत. बाजारामागे एक खोली, पाण्याची वेळ चांगली. बाबा कामावर गेले की रोज एक खोकं भरायचं आणि टेम्पोत टाकायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी आईचे कपडे भरले. पट्टी लावली, पेन काढलं आणि लिहिलं. कपडे. एक. आणि खाली पूर्ण पत्ता, खोली नंबरासकट, सुवाच्य अक्षरात. ताई, माझ्या हाताने डोक्याला विचारलंच नाही. तेवढ्यात मुकादमाचा फोन आला, ताबडतोब ये म्हणून. मी खोकं पलंगाखाली सरकवलं आणि पळालो.

बाबांची चप्पल पलंगाखाली गेली होती म्हणे.

आईचा हात जरा दुखावलाय असं वर लिहिलंय ना, ते खोडत नाही, पण खरं असं की मनगट दोन ठिकाणी मोडलंय. उजवं. प्लास्टरला पंचवीस दिवस झाले. दवाखान्यात ती म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. नर्सने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच केलं. मी मान खाली घातली, कारण तिचं फार काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून त्या घरमालकाकडे गेले. बाहेर ते कसे बोलतात तुला माहितीये, लोण्यात बुडवून. म्हणाले, माझी बायको डोक्याने जरा अधू आहे आणि मुलगा तिला फूस लावतो. घरमालकाने मला खोली नाकारली आणि पैसेही दिले नाहीत, "भानगडीची माणसं" म्हणाला.

त्या दिवशी मी बाबांना मारायला निघालो होतो. टेम्पोतला लोखंडी रॉड हातात होता. वाटेत चष्म्याचं दुकान लागलं म्हणून, नाहीतर हे पत्र तुला तुरुंगातून आलं असतं. मी तिच्या शटरवर मूठ हाणली. ती बाहेर आली, रॉड बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जा, मार. तुला पोलीस नेतील आणि तुझी आई प्लास्टरचा हात घेऊन त्याच घरात राहील. शाबास." मग आतून बर्फ आणून माझ्या मुठीवर धरला. "आणि माझं शटर वाकलंय. ते सरळ करून दे."

शटर सरळ केलं. त्या तासाभरात डोकंही सरळ झालं.

दुसरी खोली तिनेच शोधली. एका शिंपीणबाईंच्या दुकानावर आहे. बाईंनी आईचा हात बघितला आणि एक प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, "भाडं पाच तारखेला. हात बरा झाला की काजं-बटणं करायला बसा खाली." पण अनामत त्यांनाही लागणारच होती, आणि विकायला दुसरी मोटरसायकल नव्हती.

ताई, आता तेच लिहितो जे पहिल्या ओळीपासून टाळतोय.

तू माझ्या शेवटच्या वर्षाची फी पाठवली होतीस. मी तुला फोनवर "तू सुटलीस, आता तिथून शिकवू नकोस, आणि मला शेपूट म्हणू नकोस" असं बोललो, त्यानंतर आठवड्यात पाठवलीस. सोबत एक ओळ: परत करू नकोस, पूर्ण कर. ती फी कॉलेजात गेलीच नाही. ती शिंपीणबाईंकडे अनामत म्हणून आहे आणि उरलेली दोन महिन्यांच्या भाड्यात. पोरीपायी कॉलेज सोडलं ही बदनामी मी मुद्दाम पसरू दिली. ती मला परवडली. तुझे पैसे कुठे गेले हे बाबांपर्यंत गेलं असतं तर परवडलं नसतं. तुला तरी सांगायला हवं होतं. पण तुला ते सांगायचं तर खोक्याचं सांगावं लागलं असतं, आणि खोक्याचं सांगायचं तर आईच्या हाताचं.

पैसे फेडीन, हे पक्कं. कॉलेज पुन्हा करीन असं वचन देत नाही. खोटं बोलायला आज वेळ नाही.

या खेपेला एकही खोकं वापरलं नाही. रोज माझ्या डब्याच्या पिशवीतून थोडं थोडं गेलं. आईच्या कपाटात पुढची घडी तशीच आणि मागे रिकामं. बाबांनी ते कपाट आयुष्यात उघडलं नाही, त्याचा असा उपयोग झाला. त्यांना वाटतंय, मनगटाबरोबर विषयही मोडला. आज ते दोनला येतील. आई खाली टेम्पोत बसलीये, मधे चष्मेवाली, आणि मुकादम स्वतः गाडी चालवणार आहे. पैसे घेणार का विचारलं तर म्हणाला, "पहिल्यांदाच तू पैशाचा आकडा सांगत नाहीस, विचारतोयस. मग फुकट."

बाबांच्या कपाटाला, टीव्हीला, कशालाच हात लावलेला नाही. एकच वस्तू मी आधीच नेली. लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. परवा त्यानेच नव्या दाराला दोन कड्या लावल्या, एक वर, एक आईच्या डाव्या हाताला येईल अशी.

तोच का, ते तुला माहीत नाही. त्या दुपारी बाबांनी कड्या काढल्या, तेव्हा "स्क्रू ड्रायव्हर आण" असं ते म्हणाले आणि मी धावत जाऊन आणून दिला होता. प्रत्येक दारापाशी स्क्रू माझ्या ओंजळीत टाकले. मी बारा वर्षांचा होतो, आणि बाबा त्या दिवशी मला शहाणा म्हणाले. मला बरं वाटलं होतं, ताई. तू चार दिवसांत निघून गेलीस. मी तुझ्यावर आठ वर्षं रागावलो, कारण स्वतःवर रागवायला सुरुवात कुठून करायची हे कळत नव्हतं.

नवा पत्ता इथे लिहीत नाही. एकदा लिहून बघितलाय. आई उद्या तुला फोन करेल, नवीन नंबरवरून. उचल.

हॉर्न वाजला. हा दुसरा. उठतो.

जिन्यात आलोय, गुडघ्यावर कागद ठेवून एवढंच. किल्ली आत टेबलावर ठेवली. हे दार एक दिवस असं आपटीन की भिंत हलेल, हे मी लहानपणीच ठरवून ठेवलं होतं. नाही आपटलं. ओढून घेतलं, अलगद, कुणी झोपलेलं असावं तसं. बंद झालं.

तुझ्या मागोमाग, आठ वर्षं उशिरा,
तुझं शेपूट