डोळे मिटून केलेली प्रार्थना

प्रिय आई,
प्रभूमध्ये तुझ्या धाकटीचा सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

इथे दवाखान्यात दुःखातल्या माणसांना धीर द्यायचं शिकतेय. काल एक बाई समोर बसली होती, तिचं मूल नुकतंच गेलेलं. "ताई, प्रार्थना करूया," म्हणाले आणि डोळे मिटले. आमेन म्हणून उघडले, तर खुर्ची रिकामी.

धावत सुटले. ती जिन्यात बसली होती. म्हणाली, "तुम्ही देवाशी बोलत होतात. मी कुणाशी बोलू?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

लहानपणी घरच्या प्रार्थनेत तुझे डोळे उघडे असायचे, म्हणून आम्ही भावंडं हसायचो. तू आमच्याकडे बघत असायचीस ना?

तुझीच,
धाकटी