तनूच्या पापण्या

२९ जून, रविवार. रोहा.
तनू १५ कि. ४००. आठवड्यात चारशे ग्रॅम! जन्मतः हृदयात छिद्र, ओठ निळसर. गेल्या वर्षी, पाचव्या वर्षी, शस्त्रक्रिया. अंगावर मांस असे कधी नव्हतेच. गणपतीच्या हंगामात पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यातला रंगाचा वास नको, म्हणून भरतने लेक माझ्याकडे ठेवली आणि तीन आठवड्यांत ही प्रगती. भिंतीवर आलेख लावला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर वजन, असे तिला नीट समजावले.
"म्हणजे आत्या, रेघ वर गेली की मी शहाणी?"
शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. विज्ञान शिकवणारी मी, काढू दिली.

८ जुलै.
१६ कि. घोट्यांवर मोज्यांचे वळ रात्रीपर्यंत राहतात. मोठ्या मापाचे मोजे आणले.

१३ जुलै, रविवार.
भरत आला. नखांत सोनेरी रंग. माझा हा धाकटा भाऊ वीस वर्षे गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. तनू नुकती उठली होती. त्याने हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवले.
"ताय, हिच्या पापण्या जड झाल्यात."
"अरे, अंग धरते आहे ती."
"नाय गो. मांस येगलं दिसतं. ही पापणी माझ्या पोरीची नाय."
आलेख दाखवला. झोपेत पापण्यांत थोडे पाणी उतरतेच, हेही सविस्तर सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले.
"तू शिकलेली हायस," म्हणाला. चहा न घेता गेला.

१९ जुलै, शनिवार.
१६ कि. ९००. लघवीला फेस. तनूला घेऊन पेणला, तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. आलेख सोबत नेला होता. त्यांनी तो पाहिला नाही; तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.
"बाई, हे वजन नाही. पाणी आहे."

२१ जुलै.
तपासण्या आल्या. मूत्रपिंड म्हणजे लाखो सूक्ष्म चाळण्या. पाच वर्षे प्राणवायू कमी असलेले दाट रक्त त्यांतून गेले. हृदय दुरुस्त झाले, पण चाळण्यांनी आधीच सोसले होते. दहावीला मी हृदयही शिकवते, मूत्रपिंडही. वेगवेगळ्या दिवशी.
डॉ. म्हणाले, सहा दिवसांच्या उशिराने फारसे बिघडत नाही. 'फारसे' म्हणजे किती, ते विचारले नाही.
भरतला फोन. तू म्हणालास तेच खरे होते, एवढे वाक्य पुरे करता आले.
"रडू नको, ताय. पोरगी बघत असंल."

२ ऑगस्ट, शनिवार.
औषधे सुरू. मीठ कमी, पाणी मापून. तनूचा नवा प्रश्न: "आता रेघ खाली गेली की मी शहाणी ना?"
रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल. आधी भरत पापण्या पाहून सूज उतरली की नाही ते सांगतो, मग मी वजन घेते. क्रम असाच.
आज बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या मागे ओळीने मूर्ती, डोळे अजून न आखलेल्या. तनूने नाक फेंदारले, खुदकन हसली.
"तिला हसवू नको गो. डोले बारीक व्हतात."
पुन्हा पाहिले.
"उद्या सांगतो," म्हणाला.
वजनाचा काटा पुढ्यात आहे. तनू मोजे काढून केव्हाची उभी. अजून तिला वर चढ म्हटलेले नाही.