मालकाने स्वतः आपटून पाहिलेला रोबो

४ मार्च, मंगळवार
रोबोची खरी किंमत, आजअखेर: उजव्या अंगठ्याचं नख एक, खिडकीची काच एक, आणि बायकोचा अबोला, दुपारपासून चालू. छापील किमतीत यातलं काही धरलेलं नसतं.

हकिगत अशी. लेक म्हणाली, बाबा, नमुना टेबलावर ठेवलाय, गाडीचा रोबो होतो, तीन वर्षांच्या पोरांसाठी आहे, तीन हालचालींत होतो. दुकानात ठेवायचा की नाही, शनिवारपर्यंत सांगा. जमत नसेल तर यापुढे तपासणी मी बघते, तुम्ही आराम करा.

आराम! फुगे विकत विकत खेळण्यांचं दुकान उभं केलं मी. दारावरची पाटी माझी: 'मालकाने स्वतः आपटून पाहिलेला माल'. आपल्या दुकानातून गेलेली वस्तू मी डोळे बांधून ओळखतो.

माझा नियम: डबा वाचायचा नाही, कागद वाचायचा नाही. पोरं कुठे वाचतात? घरी टेबलावर आगीचा लाल बंब होता आणि शेजारी डबा. डबा कपाटावर भिरकावला. रिकामा असून जड! गिऱ्हाइकाला फसवायला हल्ली पुठ्ठ्यातसुद्धा वजन घालतात. बंब डावीकडे पिरगाळला, उजवीकडे पिरगाळला. पकड लावली. पकड सटकली ती काचेतून थेट रस्त्यावर.

५ मार्च, स. ९
संकल्प: डोकं शांत ठेवायचं.

स. ११
दाराच्या फटीत बंब धरून दार लोटलं. बिजागरी निखळली. बंब आहे तसाच.

सायं.
नातीचा, टिकलीचा फोन. तिचा बंब सापडत नाही, म्हणे आजोबांकडेच राहिला. हुंदके देत होती. म्हटलं, रडू नको गं बाई, शनिवारी तुला माणूस होणारा बंब दाखवतो. लगेच गप्प. पोरं कशी हाताळायची ते मला विचारावं.

६ मार्च
बंबाच्या पोटाला कागद चिकटवलेला. सूचना असणार. अर्धा खरवडून टाकला. दातांनी शिडी ओढली. शिडी निघाली, दातही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशाने पडला? म्हटलं, व्यवसायाने.

७ मार्च
कंपनीच्या विक्रेत्याला घरी बोलावलं. बंब उलटसुलट करून म्हणतो, काका, हा आमचा मालच नाही! तोंडावर माल नाकारतात बघा. कॉलर धरली. त्याने माझी धरली. शेजारचा शिंपी सोडवायला आला, त्याला दोघांनी मिळून चोपला. जाताना विक्रेता म्हणाला, काका, हात अजून जड आहे तुमचा. माणूस बरा, माल भिकार.

दुपारी हातोडा. बारा घाव. दोन चाकं उडाली, एकाने ट्यूबलाइट फोडली. रोबो काही झाला नाही. तपासणीच्या वहीत लाल शाईने लिहिलं: नापास. उद्या लेकीला कळेल तपासणी कशाला म्हणतात.

८ मार्च, शनिवार
दोघी आल्या. भाषण तयार होतं. बंबाचा चेंदामेंदा लेकीपुढे ठेवला. ती हळूच म्हणाली, बाबा, डबा कुठाय?

टिकली खुर्चीवर चढली, बुटक्या कपाटावरून डबा ओढला, फाडला. आत निळी गाडी. डोकं वर, हात बाहेर, पाय खाली. रोबो उभा. मला अजून चष्मासुद्धा सापडला नव्हता.

मग तिची नजर टेबलावर गेली. विचारलं, माझ्या बंबाला कुणी मारलं?

बायको चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली: सांगा आता.

लेकीने तपासणीची वही उचलून आपल्या पर्समध्ये टाकली.

त्या गेल्यावर चष्मा लावून बंब उलटा केला. अर्ध्या उरलेल्या कागदावर माझंच अक्षर आहे: टिकलीला, आजोबांकडून.