पऱ्हाटीची साखर

महागाव, २० जानेवारी २०२५

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढते, म्हणून लिहून राह्यली. पेपरातला तुझा फोटो पाहिल्यापासून बाबा आपल्या अडत दुकानात कापूस विकायले आलेल्या प्रत्येकाले थांबवून सांगतात, माझी लहानी अमरावतीत पीएच.डी. करते, पऱ्हाटीपासून साखर काढते. मी बाजूलेच उभी होती. मोठीनं बी बी.एस्सी. केली, रसायनशास्त्रात पहिला वर्ग होता, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. माझ्या वेळी त्यांना लग्नाची घाई होती. तुझ्या वेळी ते बदलले.

तू पोतंभर पऱ्हाटी मागितली. सोनूचे बाबा उद्या बसनं पाठवतात. आमच्या इथं कापूस वेचून झाला की त्या काड्या चुलीत जातात, तुझ्याकडं काचेच्या भांड्यात. पऱ्हाटीचं नशीबही माझ्याहून बरं!

लोभ आहेच. वाढव म्हणत नाही, आधीच तुले सगळं जास्त मिळून राह्यलं.

तुझी,
विजयमाला

अमरावती, १२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोतं पोचलं. पत्र वाचून आधी राग आला, मग रडू.

तो फोटो छापला त्यानंतर माझा एकही प्रयोग नीट झाला नाही. पऱ्हाटीचा भुगा करून तो अल्कलीत उकळते, म्हणजे लाकडातले तंतू मोकळे होतात. मग धुवून त्यात विकरं, म्हणजे एन्झाइम, टाकायची अन् भांडं गरम ठेवून हलवत राहायचं. विकरांनी तंतू तोडून साखर करायची. होतेही, पण जराशी, अन् मग अडते. धुण्यात कमी पडते, मागं राहिलेली अल्कली विकरांना अडवते असं वाटते, पण एवढा भुगा एकटीनं किती धुवू? सर म्हणाले, मार्चअखेर जमलं नाही तर विषय बदल.

अन् बाबांचं म्हणशील, तर दर रविवारी ते तुझ्याकडं जेवतात. माझ्याकडं आजवर आले नाहीत. फोन केला की सोनूचंच कौतुक. मले तुझा हेवा वाटत नसेल?

होळीच्या सुट्टीत ये. पाहुणी म्हणून नको, कामाले ये.

भावजींना नमस्कार, सोनूले पापा. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझीच,
प्रेरणा

महागाव, २५ मार्च २०२५

चि. प्रेरणास,
अ. आ.

तुझं अडलं हे वाचून त्या दिवशी मी चहा चांगला गोड करून प्यायली. खोटं कायले लिहू? होळीत तुझ्याकडं येताना बसमध्येही मनात होतं, की नाहीच जमलं तर बरं.

मग आपण दोघींनी तो काळा भुगा पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतला. साखरेचा वाढलेला आकडा वाचून तू माझा हात धरला, तेव्हा हेवा कुठं गेला होता कोण जाणे. तो परत आला तुझ्या फोननंतर. तू स्पीकरवर बाबांना सांगितलं की ताई होती म्हणून झालं, अन् ते हसले. म्हणाले, धुण्याभांड्याची सवयच आहे तिले. तू फोन ठेवला अन् माझ्याकडं पाह्यलं नाही.

इतकी वर्षं मी तुझ्यावर जळत होती, प्रेरणा. खरा राग बाबांवर होता.

परवाच्या रविवारी जेवताना बाबांना सांगितलं, की मी यवतमाळले एम.एस्सी.ले नाव टाकते. सोनूले कोण पाहीन, असं त्यांनी विचारलं. सोनूचे बाबा म्हणाले, मी आहो. बाबा अर्ध्या ताटावरून उठून गेले. मी पाय धरले नाही अन् मागं धावलीही नाही. खूप रडली मात्र.

हेवा अजून आहे. तुले एम.एस्सी.ले किती टक्के होते ते कळव, मले त्याच्याहून जास्त आणायचे आहेत.

जीव लावते तशीच लावत राहा, अन् तुझी जुनी पुस्तकं पहिल्या बसनं पाठव.

तुझी,
ताई