गाळलेली लाट

३ फेब्रु., सोम.
गाइड सरांनी पीएच.डी.चा चौथा चॅप्टर परत केला. थीसिसमधला एवढाच खरा माझा. समासात लाल शाईनं: ‘लाट काढून टाका.’ भर समुद्रातल्या यंत्राच्या कच्च्या नोंदीत मला सापडलेली, आजूबाजूच्यांच्या अडीच पट उंच, एकटीच लाट. सर म्हणतात यंत्र चुकलं. मला नाही पटत.

५ फेब्रु.
पुन्हा सरांकडे गेले. "समुंदर देखा है तुमने?" नाही पाहिला. सहा वर्षं बनारसात बसून समीकरणंच सोडवतेय. सरांनी तरी कुठे पाहिलाय! हे घाटावर आल्यावर सुचलं. राग मराठीत येतो, आणि सरांसमोर तोंडातून ‘जी सर’ निघतं. स्वतःचीच चीड आली.

८ फेब्रु.
सापडलं! सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ: मोठ्या लाटांच्या सरासरीच्या दुपटीवर जे जाईल ते यंत्राची चूक समजून गाळा. आधी गाळायच्या, मग म्हणायचं अशा लाटा नसतातच. वा रे वा.
ओळ काढली. आणखी तीन आल्या. माझ्या समीकरणात एक लाट शेजारणींची ताकद ओढून वाढते, आणि तिच्यापुढे खोल खड्डा पडतो. तिन्हींपुढे खड्डा आहे. यंत्र तीनदा अगदी तस्संच चुकेल?

११ फेब्रु.
नाना, माझे आजोबा, पोरांची वेदांची संथा आटोपून आले, चिडवायच्या मूडमध्ये. "दूधविनायकाच्या गल्लीत बसून समुद्र मोजणारी ही पहिलीच." सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. आयुष्यभर पोरांकडून वेद घोकून घेतलेला माणूस. म्हणाले, "अक्षर खटकलं म्हणून गाळतात होय गं? परत म्हणून बघायचं." मग चहा मागितला.

१४ फेब्रु.
सरांना ओळ दाखवली. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "ये लाइन मेरी है."
"जी सर." (पुन्हा!)
"चैप्टर हटाओ, सोमवार को साइन ले जाओ."
२८ला मुदत संपते. सहीशिवाय थीसिस जमा होत नाही. सहा वर्षं पाण्यात जातील. आई म्हणते, काढून टाक ना बाई, नंतर छाप काय ते. नंतर म्हणजे कधी? भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

१७ फेब्रु., सोम.
चॅप्टर तसाच ठेवला. शेवटी एक पान जोडलं, त्यावर ती ओळ, जशीच्या तशी.
"लहर निकाली?"
"नहीं सर."
आवाज माझाच होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं. थेट शेवटचं पान उघडलं, वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.
"बाहर बैठो."
बाकावर बसून हे लिहितेय. तासभर झाला. आत पानं उलटल्याचा आवाज येतोय.