पाठीचं खरं कारण

प्रिय ठमे,

तू रागाने फोन ठेवलास, तेव्हापासून देवापुढे डोळे मिटले तरी तूच समोर येतेस. तुझे दिवस भरत आलेत, आईने बाळंतपणाला यावं एवढंच तू मागितलंस, आणि मी सरळ नाही म्हटलं. दादाची मुलं वाढवलीस, माझ्याच वेळेला बरं जमत नाही, असं तू म्हणालीस. लागलं, पण तुझं काय चुकलं? मी तुला काही कळूच दिलं नव्हतं.

गेलं वर्षभर माझी पाठ दुखते आहे. आधी गादीला दोष दिला, मग वयाला. भांडी विसळून झाली की ओट्याला टेकून उभी राहायची. जिना चढताना धाप लागायची, तर तुझे बाबा म्हणायचे, जप कमी कर, श्वास पुरत नाहीये तुला. शेवटी तेच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रक्त फार कमी निघालं आणि हाडं विरळ. एक गोळी लोहाची दिली, एक कॅल्शियमची. कधी कुठली घ्यायची तेही सांगितलं.

आता हस. मी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाच्या एकाच घोटाबरोबर घ्यायची. पेला दोनदा कशाला विसळा! पुढच्या तपासणीत रक्त होतं तिथेच. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो, या दोघी म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या जावा, एकत्र आल्या की धाकटीचं, म्हणजे लोहाचं, काही चालत नाही. आणि वर तुमचा चहा म्हणजे सासूच! बाबा इतके हसले की बाहेर बसलेले लोक डोकावले. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता पाठीत अशी कळ आली की टेबल धरावं लागलं. मग पाठीचा फोटो काढला. एक मणका दबलाय. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही. मी विचारलं, आणि तान्हं मूल? त्या म्हणाल्या, तेही नाही.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला.

आता मी गोळ्या वेगवेगळ्या वेळी घेते, धापही कमी झाली आहे. तुलाही याच दोन दिल्या असतील, एकत्र घेऊ नकोस गं, आणि चहा तर लांबच ठेव. शरीराच्या जमाखर्चात मी जन्मभर खर्चाचीच बाजू लिहीत आले. तू तसं करू नकोस.

बाळाला न्हाऊमाखू घालणं, तुझं दुखलंखुपलं बघणं, रात्रीची जागरणं, यातलं आता काही माझ्याने होणार नाही. जिथे गेले तिथे पदर खोचूनच गेले; हातावर हात ठेवून लेकीच्या घरी कसं बसायचं, ते मला येत नाही. म्हणून नाही म्हटलं. बिनकामाचं माणूस म्हणजे अडगळ, असं बाबांजवळ बोलले, तर म्हणतात, मग मला इतकी वर्षं कशाला ठेवलंस घरात? त्यांचं ऐकून लिहायला बसले, फोनवर जीभ रेटली नसती. ठमे, कामाला नाही, नुसतीच आले तर चालेल का? पाठीला उशी लागेल, आणि बाळाला माझ्या मांडीवर तुलाच आणून ठेवावं लागेल.

उत्तर काहीही असो, तुझीच,
आई