प्रकाशाच्या दहापट वेगाने पळालेल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, दुसरा मजला.

विषय : भौतिकशास्त्र, प्रश्न ४ (ब) मध्ये मिळालेले शून्य.
संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपले एक पत्र.

महोदय,

१. मी येथील भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे परिचर आहे. भिंगे पुसणे, तारा जोडून ठेवणे ही माझी कामे. सहायकपदासाठी ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि संधी तीनच मिळतात. ही तिसरी होती. पस्तीस गुण हवे होते, मिळाले तेहेतीस.

२. प्रश्न असा होता : इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला ३ × १०⁹ मीटर असल्यास त्याची तरंगलांबी काढा. म्हणजे सेकंदाला तीस लाख किलोमीटर! महोदय, खुद्द प्रकाशाची धाव तीन लाखांवर संपते. मी चष्मा पुसून तीनदा वाचले. मग "असा वेग शक्य नाही, छपाईची चूक दिसते, नऊऐवजी सहाचा घात धरला आहे" असे लिहून, प्लांकच्या स्थिरांकाला वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने भागून, सर्व पायऱ्यांसह उत्तर काढले. पाचपैकी शून्य. ज्यांनी डोळे झाकून आकडे घातले, त्यांना पाच.

३. प्रकाशापेक्षा वेगवान इलेक्ट्रॉन नसतो, याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आपण पत्राने मागवला. मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, बाई, तुमचं सोळा आणे खरं, पण पेपर मीच काढला होता, आता सही कोणत्या तोंडानं करू? त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या खोलीत मी प्रथमच बसले.

४. गुणांवर मी पाणी सोडले आहे. हा अर्ज त्यासाठी नाही. आपण तोच प्रश्न, त्याच उत्तरासह, सरावाच्या पुस्तिकेत छापला आहे. माझी मुलगी यंदा आपल्याच विभागाच्या परीक्षेला बसत आहे. काल तिने विचारले, आई, कुठलं लिहू, तुझं की पुस्तिकेतलं? मी पुस्तिकेतले लिहायला सांगितले. तिने ते पाठही केले.

परीक्षेला अकरा दिवस आहेत. तोवर पुस्तिका दुरुस्त व्हावी, म्हणजे मला घरी जाऊन तिला खरे सांगता येईल, एवढीच विनंती.

उत्तराची फारशी आशा न धरता,
आपली नम्र,
प्रयोगशाळा परिचर
(बैठक क्रमांक ४१७)
दिनांक : ४ मार्च

सोबत :
उत्तरपत्रिकेची छायाप्रत.
दाखला : मिळाला नाही.